वर्गातला गलका

"हाताची घडी, तोंडावर बोट." मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या माणसाला हा हुकूम जन्मभर पाठ असतो. जुन्या किल्लारीत आमच्या दोन इयत्ता एकाच खोलीत बसायच्या. एकीकडे पाढे, दुसरीकडे कविता. गुरुजींचा आवाज खणखणीत, पण एवढ्या पोरांपुढे तोही कमी पडायचा. मग टेबलावर छडी वाजायची आणि मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहायचा. "गुर्जी, ह्यो बोललालाय," ही तक्रार दिवसभर चालू असायची.

२९ सप्टेंबर १९९३ च्या रात्री गणपतीचं विसर्जन झालं. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचं ओझं झोपलेल्या माणसांवर कोसळलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे १० हजार माणसं गेली. त्यांत आमच्या वर्गातली मुलंही होती. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त गावांतली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. मागे राहिलेले आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये बसू लागलो.

त्या शेडमध्ये कुणालाही तोंडावर बोट ठेवायला सांगावं लागलं नाही. हजेरी घेताना गुरुजी काही नावं न वाचताच पुढे जात, आणि कोणती गाळली ते आम्हाला कळायचं. "हजर" म्हणायलाही कुणाचा आवाज फुटत नसे. गुरुजींनी छडी आणलीच नाही. कविता सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायची, एवढंच सांगत. एकट्याला उभं करून वाचायला लावणं त्यांनी कित्येक महिने टाळलं. सगळे मिळून म्हणत असलं की एखाद्याचा आवाज मध्येच अडला तरी बाकीचे ओळ पुढे नेत, आणि रडणाऱ्याचं रडणं झाकलं जाई. पुढच्या पावसाळ्यात पत्रा असा वाजायचा की शेजारच्याचंही ऐकू येत नसे. आम्ही पावसाच्या वरताण आवाज काढायचो. असंच एकदा कुणीतरी मुद्दाम भलतीच ओळ मध्ये घुसवली आणि सगळा वर्ग खिदळला. गुरुजी पाठमोरे होऊन फळा पुसत राहिले. फळ्यावर पुसण्यासारखं काहीच नव्हतं.

पुढे डी.एड. करून मी याच भागात भाषेचा शिक्षक झालो. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि त्याच्या कलम १७ ने मुलांना मारायला, त्यांचा मानसिक छळ करायला बंदी घातली. आता पोरं डोक्यावर बसणार, अशी चर्चा तेव्हा शिक्षकांत होती. मला ती कधी पटली नाही. भाषेच्या तासाला वर्ग सदान्‌कदा शांत असेल तर त्या तासाला फक्त शिक्षकच भाषा बोलतोय. पोरांनी ती बोलायची कधी?

फळ्याकडे तोंड असलं तरी मागचा गलका कोणता आहे ते कळतं. कामाच्या गलक्यात प्रश्न असतात, मध्येच आवाज खाली येतो, पुन्हा चढतो. रिकाम्या गलक्यात बाकं सरकतात, कंपासपेट्या पडतात आणि एकाच कोपऱ्यातून हसू येत राहतं. त्यावर ओरडून काही होत नाही. शिक्षकाचं ओरडणंही त्यातच मिसळून जातं. गोष्ट वाचत असेन तर मी ऐन मोक्यावर थांबतो. श्रुतलेखन चालू असेल तर आवाज आणखी खाली आणतो, मग मागच्या बाकावरचेच पुढच्यांना दटावतात, "गप की रे, ऐकू येईना." सगळ्यांत दांडग्या पोराला नाट्यीकरणात सूत्रधार करतो. ज्याला बोलल्याशिवाय राहवत नाही त्याच्या वाट्याला बोलण्याचं काम आलंच पाहिजे.

इथून कर्नाटकची हद्द लांब नाही. वर्गात कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी दखनी, तांड्यावरून येणाऱ्यांच्या घरी गोरमाटी. तांड्यावरची एक मुलगी उभं केलं की मान खाली घालायची, ती बसेपर्यंत वर काढायची नाही. जोडीने वाचायला दिलं त्या दिवशी वर्गात नुसता कलकलाट होता. ती मैत्रिणीच्या कानाशी तोंड नेऊन वाचत होती. ओळीखाली बोट, जोडाक्षराशी अडली की बोट मागे, पुन्हा पहिल्यापासून. त्या गोंगाटात तिची चूक मैत्रिणीशिवाय कुणाला ऐकू जाणार नव्हती, म्हणूनच ती वाचत होती. घंटा होईपर्यंत मी वर्गाला गप्प बसा म्हटलं नाही.

शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या बाईंना याचा त्रास होतो, आणि त्यांची तक्रार रास्त आहे. मधली भिंत एका विटेची. मुख्याध्यापकांनी वेळापत्रक बदलून आता माझे वाचनाचे तास त्यांच्या वर्गाच्या कवायतीच्या वेळेला ठेवलेत. पावसाने कवायत रद्द झाली की आम्ही दोन्ही वर्ग एकत्र बसवतो, आणि कविता सुरू करायचा मान बाईंच्या वर्गाला देतो.