पान उन्हाकडे धरून पाहा

फलटणच्या कालव्याखालच्या टोमॅटोच्या रानात गेलो की एकच वाक्य कानी पडते, "साहेब, नागअळी पडलीया, औषध सांगा." मी म्हणतो, "दादा, आधी पान तोडा आणि उन्हाकडे धरा."

कारण नागअळी या एका नावात आपण दोन निराळे जीव कोंबले आहेत. पानावर खडूने गिरगटल्यासारखी बारीक, पांढरी, नागमोडी रेघ असेल, तर ती एका चिमुकल्या माशीची अळी. रेघेऐवजी कागदासारखा पातळ, रुंद चट्टा असेल आणि आत काळी विष्ठा साठली असेल, तर ते काम पतंगाचे. तरी शंका उरली, तर बाभळीच्या काट्याने चट्टा उकला. माशीच्या अळीला ना डोके, ना पाय. पतंगाच्या अळीला दोन्ही असतात. घरातल्या शाळकरी पोराकडे भिंग असेल तर त्यालाच हे काम द्या, मोठ्या हौसेने करील.

या पतंगाचे नाव टुटा. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. २००६ साली तो स्पेनमध्ये आढळला आणि २०१४ साली आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात. लांबी जेमतेम अर्धा सेंटिमीटर, रंग राखाडी. दिवसा पानाआड दडून राहतो. एक मादी अडीचशेच्या आसपास अंडी घालू शकते.

माशीची अळी पानावरच भागवते. ही अळी मात्र फळातही शिरते. देठाजवळ टाचणीने टोचल्यासारखे भोक दिसते, आणि तेवढ्यावरून व्यापारी क्रेट बाजूला काढतो. हे भोक आधी दिसते ते तोडणीच्या बायकांना. त्या बोलल्या तर ऐकून घ्या.

अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये बसलेली असते, त्यामुळे वरवरची फवारणी तिला गाठत नाही. उलट अळीवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या मरतात. दर चार दिवसांनी पंप पाठीवर घेणे मला तरी पटत नाही. लागणीपासूनच कामगंध सापळे लावा. पण गोळी टुटाचीच मागून घ्या, घाटेअळीची इथे चालत नाही. पोखरलेली पाने-फळे खोल पुरा. पीक संपल्यावर वेल उपटून बांधावर ढीग मारू नका. त्यातून निघालेले पतंग शेजारच्या नव्या लागणीवर जातात, आणि टोमॅटो नसला तर वांगी-बटाट्यावरही.