मागच्या काचेवरची तूट

पावसाळ्यात ताम्हिणी घाटात पुढच्या काचेपेक्षा मागची जास्त छळते. पुढे निदान एसीचा झोत मारता येतो, मागे सगळी भिस्त डिफॉगरच्या तपकिरी रेघांवर. आमच्या सेकंडहँड हॅचबॅकमध्ये बटण दाबलं की दिवा लागायचा, काचेचा खालचा भाग स्वच्छ व्हायचा आणि वरचा तसाच पांढराफटक. आरशात दिसतो तो नेमका वरचाच.

एका ॲक्सेसरीवाल्याने काचेकडे नुसतं बघून निकाल दिला, "काच बदला, साहेब." मला पटेना. खालच्या रेघा तापतायत म्हणजे फ्यूज, रिले, अर्थ सगळं शाबूत आहे. दोन्ही कडांच्या उभ्या पट्ट्यांमध्ये या रेघा समांतर जोडलेल्या असतात. एक तुटली तर तेवढीच थंड पडते. सबंध काच गार असती, तर आधी फ्यूज पाहिला असता आणि मग डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर. डिकीच्या उघडझापीने ती आतल्या आत तुटते.

रविवारी गाडी अंगणात उभी करून इंजिन सुरू ठेवलं आणि मीटर डीसी व्होल्टवर लावला. रेघ म्हणजे काचेवर भाजून बसवलेला चांदीचा पातळ थर. मीटरच्या अणकुचीदार टोकाने तो खरवडला तर नवंच दुखणं, म्हणून टोकाला पोळ्या गुंडाळायचा फॉइल लपेटला. काळं टोक बॉडीच्या उघड्या बोल्टला, लाल रेघेवर.

धडधाकट रेघेच्या मध्यावर साधारण 7 व्होल्ट मिळाले, म्हणजे पुरवठ्याच्या निम्मे. हे बरोबर. मेलेल्या रेघेच्या मध्यावर मात्र पुरे 13 च्या वर! म्हणजे वीज इथवर येते आणि पुढे अर्थच्या बाजूला कुठेतरी अडते. टोक त्या दिशेने सरकवत गेलो. 13, 13, 13 आणि एकदम शून्य. तिथे भिंग धरलं तर केसाएवढी फट. (मध्येच सगळीकडे शून्य दिसू लागलं, तर घाबरू नये. टायमरने डिफॉगर बंद केलेला असतो. बटण पुन्हा दाबायचं.)

प्रत्येक तुटीवर बाहेरून मार्करची खूण केली. खुणा एका तिरक्या ओळीत आल्या आणि गुन्हेगार सापडला: ब्लेड. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातल्यावर गाड्यांच्या काचा धडाधड खरवडल्या गेल्या. आमच्या गाडीच्या आधीच्या मालकानेही फिल्म काढून घेतली होती.

काच स्पिरिटने पुसून, दोन्ही बाजूंना टेप लावून, फटींवर वीजवाहक चांदीचा रंग भरला आणि रात्रभर वाळू दिला. आता वरचा भागही मोकळा होतो. काच जुनीच आहे.

तुम्ही फिल्म काढायला जाल तेव्हा गाडीपाशी उभे राहा. मागच्या काचेला वाफ किंवा साबणाचं कोमट पाणीच लावू द्या, फिल्म रेघांच्या दिशेने हळूहळू सोलायला सांगा. ब्लेड दिसलं तर गाडी तिथून काढा.