फटका, ठोका, झटका

आमचे पप्पा बेळगावातल्या एका क्लबात टेनिसचे मार्कर. मेंबरांबरोबर खेळायचं, नवख्यांचा हात बसवायचा, हे त्यांचं काम. रविवारी मिस्सा झाली की मलाही कोर्टवर न्यायचे. माझा बॉल नेटमध्ये गेला की ओरडायचे, "पोरी, स्ट्रोक अर्धा सोडू नकोस! बॉल लागला म्हणजे स्ट्रोक संपला नाही. हात पुढं जाऊ दे." स्ट्रोक म्हणजे फटका, एवढाच अर्थ मला माहीत.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप निसटला. बोलणं जड झालं, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसलं. "रात्री झोप झाली नाही, पडा थोडं," मम्मी म्हणाली. मी उशी दिली. तासाभराने रिक्षा बोलावली. डॉक्टर म्हणाले, "स्ट्रोक आहे. लगेच का नाही आणलंत?"

फोनवर आत्याला सांगितलं, "पप्पांना झटका आला." ती म्हणाली, "हार्टचा?" नाही, मेंदूचा. गुठळीने मेंदूची रक्तवाहिनी बंद झाली होती. अशा वेळी दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, हे मी नंतर वाचलं. उशी दिली तो तास मी अजून मोजते.

नर्सिंग करणारी मैत्रीण म्हणाली, हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणाऱ्या रक्तालाही 'स्ट्रोक व्हॉल्यूम' म्हणतात. साधारण ७० मिलिलिटर. मग मी डिक्शनरी उघडली. मांजराला कुरवाळणं, तेही स्ट्रोकच! मराठीने प्रत्येकाला वेगळा शब्द दिला, इंग्रजीने सगळे एकात कोंबले. जुने इंग्रज तर या आजाराला देवाच्या हाताचा फटका म्हणत. ते मला पटत नाही. उशीर आमचा होता. म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगते: तोंड, हात, बोलणं, यातलं एक जरी अचानक बिघडलं तर उशी देऊ नका, गाडी बोलवा.

आता मम्मी रोज पप्पांचा उजवा हात हळूहळू चोळते. फिजिओथेरपीसाठी आधी स्पंजचा बॉल होता, आता जुना टेनिसचा दिलाय. "पप्पा, स्ट्रोक अर्धा सोडायचा नाही," मी म्हणते. ते अर्ध्या ओठांनी हसतात. काल बॉल दाबताना निसटला, घरंगळत कपाटाखाली गेला. मी काढून परत त्यांच्या हातात दिला.