लीन

‘लीन’ हा शब्द मराठीच्या प्राध्यापकाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. संतकाव्याच्या तासाला तो हमखास येतो, आणि मान किंचित खाली झुकवून तो उच्चारण्याची सवयही आम्हा मंडळींना लागलेली असते. त्यामुळे साताऱ्याच्या मिस्त्रींनी बॉनेटमधून डोके वर काढून, “सर, गाडी लीन चालतेय,” असे सांगितले तेव्हा आमच्या १९८६ सालच्या प्रीमियर पद्मिनीचे क्षणभर मला कौतुकच वाटले. त्यांचा ‘लीन’ इंग्रजीतला होता: हवा जास्त, पेट्रोल कमी. असे इंजिन नम्र तर होत नाहीच; उलट तापते, खोकते आणि चढावर दगा देते.

दगा ती देतच होती. वाईहून पाचगणीला जाताना पसरणीच्या घाटात कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज येई आणि उष्णतामापकाचा काटा चढत जाई. याचे खापर मी अण्णांवर फोडले होते. वडिलांनी ही गाडी चाळीस वर्षे कानाने जुळवली. स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन ते मान तिरपी करत, पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आणि इंजिन एका लयीत आले की बॉनेट लावत. गेल्या तीन वर्षांत त्यांना ऐकू येईनासे झाले आहे. तरी त्यांनी एका सकाळी तो स्क्रू फिरवलाच, आणि त्याच आठवड्यात घाटात गाडी बंद पडली. “अण्णा, तुम्हाला आता ऐकू येत नाही, कार्ब्युरेटरला हात लावू नका,” असे मी म्हणालो. त्यांना ऐकू यावे म्हणून ओरडून म्हणालो. सगळ्या आळीने ऐकले. त्यानंतर ते गॅरेजकडे फिरकले नाहीत.

हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणारा मापक मी मागवला तो, खरे सांगायचे तर, माझे म्हणणे सिद्ध करण्यासाठी.

सायलेन्सरच्या पाइपला भोक पाडून, आटे असलेली बैठक वेल्ड करून त्यात सेन्सर बसवायचा, हा पहिला भाग मिस्त्रींनी केला. सेन्सरचे टोक खाली आणि शेपूट वर असे तिरके ठेवावे लागते. नाहीतर पाइपात साठलेले पाणी तापलेल्या झिर्कोनियाला तडा देते. इंजिन आणि सेन्सर यांच्यामध्ये जोड फुटका असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मापक खोटेच ‘लीन’ सांगतो, म्हणून तेथली जुनी गॅस्केटही बदलली. (जाता जाता: शिसेयुक्त पेट्रोल हा या सेन्सरचा काळ. ते आपल्याकडे २००० साली बंद झाले. अण्णांच्या उमेदीच्या काळात असा मापक कुणी आणला असता तरी तो फार दिवस जगला नसता.)

वायरिंगचा हट्ट मात्र माझा. तांबडी वायर मी सोयीची म्हणून डॅशबोर्डच्या दिव्यांच्या वायरीला जोडली, काळी तिथल्याच एका गंजक्या स्क्रूखाली दाबली. सेन्सरच्या पोटात हीटर असतो. सुमारे ७८० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय तो बोलत नाही, आणि त्यासाठी त्याला भरपूर विद्युतप्रवाह लागतो. हेडलाइट लावले की मापक विझे, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागे. दोन रविवार गेले. शेवटी बॅटरीपासून फ्यूज घालून स्वतंत्र वायर आणली, ती इग्निशनच्या चावीवर चालणाऱ्या रिलेमधून नेली, आणि अर्थिंग रंग खरवडून थेट इंजिनाच्या लोखंडाला दिले. चावीवरच हवी, कारण इंजिन चालू आणि सेन्सर थंड अशी स्थिती राहिली तर त्यावर काजळी धरते.

मग आकडे दिसू लागले. मुलगी शेजारी बसून वहीत टिपत होती. गाडी उभी, इंजिन चालू: १३.४. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला आयडलवर असेच किंचित ‘रिच’ मिश्रण मानवते. अण्णांचा स्क्रू अगदी जागेवर होता. रस्त्यावर साठच्या वेगाने: १६.१.

तो स्क्रू फक्त आयडलचे मिश्रण ठरवतो. रस्त्यावर पेट्रोल येते मेन जेटमधून, आणि ते पितळी छिद्र कुणी फिरवू शकत नाही. छिद्र तेच होते. त्यातून वाहणारे पेट्रोल बदलले होते. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३पासून टप्प्याटप्प्याने येत २०२५पर्यंत देशभर पोहोचले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. या मिश्रणाला साधारण साडेतेरा. जेट मात्र जुन्या हिशोबाने पेट्रोल सोडते, म्हणून हवा सात-आठ टक्के उरते. मापकाचीही यात एक गंमत आहे. तो पेट्रोल पाहतच नाही. धुरातल्या प्राणवायूवरून तोल ओळखतो आणि त्याला १४.७ने गुणून आकडा दाखवतो. टाकीत काहीही असो, तो पेट्रोलच्या भाषेतच बोलतो. भाषांतराचा पेपर शिकवणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

मिस्त्रींनी पाच अंकांनी मोठे जेट घातले. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. पाच अंक ऐकायला किरकोळ, पण क्षेत्रफळात आठ-नऊ टक्क्यांची वाढ. वहीतला पुढचा आकडा १४.८. पसरणीच्या घाटात एकदाही खोकली नाही.

हे अण्णांना सांगायचे राहिले होते. ओरडून सांगण्याची लाज वाटली. वही त्यांच्यापुढे ठेवली, ‘आयडल १३.४’ या ओळीखाली रेघ मारून. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, मग खालची १६.१ची ओळ वाचली, आणि “पेट्रोलच बदललंय होय,” एवढेच म्हणाले. माफी मी अजून मागितलेली नाही.

जेट बदलल्यावर आयडल पुन्हा बघायला हवे होते. मी स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. त्यांनी डावा तळवा एअर क्लीनरवर टेकवला, डोळे मिटले आणि स्क्रूला हात घातला. मी आत बसून मापकाकडे पाहत होतो. १२.८, १३.९, १३.५, १३.३. तिथे त्यांचा हात थांबला. किती झाले, ते त्यांनी विचारले नाही.