दर्या नसलेल्या गावातून

हैदराबादला समुद्र नाही. पूर्वेला मछलीपट्टण, पश्चिमेला मुंबई. कुठेही जायचे म्हटले तरी काहीशे किलोमीटरांची वाट. आमच्या पिढीने लहानपणी ‘सागर’ म्हणून पाहिला तो हुसेनसागर. तरीही या शहरातून आणि निजामाबाद, बीदर, नांदेडच्या पट्ट्यातून दर्यावर पोट भरायला गेलेली माणसे थोडी नाहीत. कुणी आखातात गेले, कुणी काकीनाड्याच्या बाजूला, कुणी मुंबई हायवर. मी त्यांतलाच एक.

पाण्यावरच्या अवजड कामात जीव कशाने जातो, हे हैदराबादने घरच्या तळ्यातच पाहिले आहे. 10 मार्च 1990 रोजी बुद्धाची सुमारे 58 फूट उंचीची अखंड ग्रॅनाइटची मूर्ती हुसेनसागरातल्या चौथऱ्याकडे नेत असताना बार्ज कलली, मूर्ती घसरून तळाशी गेली आणि तिच्याबरोबर काही कामगारही गेले. डोंगरातून शहरापर्यंतचा रस्ता मूर्तीने सुखरूप पार केला होता. घात झाला तो काठापासून थोड्या अंतरावर. पुढे ती वर काढून 1 डिसेंबर 1992 रोजी उभी करण्यात आली. आज तिच्यापुढे उभे राहून लोक फोटो काढतात. मला मात्र तिथे गेलो की बुडालेल्यांची आठवण होते. त्या वेळी मी मुंबई हायच्या एका बार्जवर होतो. बातमी चार दिवसांनी, शिळ्या पेपरातून आली. आमचा म्हातारा रिगर पेपर घडी करून एवढेच म्हणाला, “पाणी वजन विचारत नाही बाबा, तोल विचारतं.”

1988 साली आयटीआयचा वेल्डर म्हणून मी या कामात शिरलो. मुंबई हाय म्हणजे मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवरचे तेलक्षेत्र. ‘सागर सम्राट’ या रिगने 1974 मध्ये तिथे तेल शोधले आणि 1976 पासून उत्पादन सुरू झाले. तेल वर येते ते प्लॅटफॉर्मवर, पण ते इकडून तिकडे न्यायला समुद्राच्या तळाशी नळ घालावे लागतात. आमचे काम ते. नळ पंचेचाळीस अंशांत तिरका धरून सर्व बाजूंनी जोडायची ‘सिक्स-जी’ परीक्षा पास झाल्याशिवाय बार्जवर पाय ठेवू देत नसत. एका ठिकाणी पहिला थर, पुढच्या ठिकाणी भराव, मग एक्स-रे, मग वरचे लेपण. जोड पास झाला की बार्ज एका नळाएवढी पुढे सरकायची आणि नळ मागून पाण्यात उतरायचा. सात ते सात, बारा तासांची पाळी. बोटीतून बार्जवर चढायचे ते क्रेनच्या दोरीला टांगलेल्या बास्केटमधून: पिशव्या मधे, माणसे बाहेरच्या कडेला जाळी घट्ट धरून उभी.

हे काम पावसाळ्यात बंद. ऑक्टोबरात सीझन सुरू व्हायचा, मे अखेर संपायचा. म्हणजे गावाकडे पेरणीची घाई सुरू झाली की आम्ही घरी, आणि घरात फराळाचा वास सुटला की आम्ही नामपल्ली स्टेशनवर. पुढे मुंबईला जायला हुसेनसागर एक्स्प्रेस मिळू लागली. तळ्याच्या नावाची गाडी आम्हाला समुद्राकडे नेते म्हणून पोरे हसत. नोकरीतल्या पंचवीसेक दिवाळ्यांपैकी घरी झालेल्या दिवाळ्या मी बोटांवर मोजू शकतो. पाडव्याला पत्नी माझ्या फोटोला ओवाळी. मला ते आवडत नसे, पण मी कधी बोललो नाही. पगार बरा होता, मुले शिकली, घर झाले. एका ठेकेदाराने एका सीझनची शेवटची दोन महिन्यांची मजुरी बुडवली, तीही पचवली. दर्याने मात्र मला काही केले नाही, हे त्याचे उपकार.

दर्याकडे पाठ करून हैदराबादला कायमचा आलो तेव्हा कळले, की समुद्राची खबर ठेवणारे मोठे सरकारी केंद्र याच शहरात, प्रगतीनगरला आहे. इन्कॉइस त्याचे नाव, स्थापना 1999 ची. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर 2007 मध्ये इशारा देणारी यंत्रणाही इथेच उभी राहिली. लाट किती उंच, कुठल्या दिशेने, किती सेकंदांनी येणार, हा अंदाज इथून कोळ्यांना, बंदरांना, तेलक्षेत्राला जातो. त्यातली एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. ‘लाट तीन मीटर’ असे लिहिलेले असते तेव्हा तो सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांचा सरासरी आकडा असतो. एखादी एकटी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. समुद्रावरचा माणूस त्या एकटीलाच भितो.

पण इशारा पोहोचणे वेगळे आणि बार्ज हलणे वेगळे. 27 जुलै 2005 रोजी खवळलेल्या समुद्रात एक मदत-जहाज मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मवर आदळले, वायुवाहिनी फुटून आग लागली आणि 22 माणसे गेली. मे 2021 मध्ये ‘तौक्ते’ वादळ येणार हे हवामान खात्याने आधीच सांगितले होते. तरी पी-305 ही राहण्याची बार्ज 261 माणसांसह तेलक्षेत्राजवळच होती. नांगर सुटले, ती वाहत गेली आणि 17 मे रोजी बुडाली. नौदलाने भर वादळात कितीतरी जीव काढले. तरी ही बार्ज आणि ‘वरप्रदा’ हा टग मिळून ऐंशीच्या वर माणसे गेली. त्यांत जोडारी होते, स्वयंपाकी होते, माझ्यासारखेच वेल्डर होते. ते चार दिवस मी टीव्हीपुढून उठलो नाही.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचा देगलूरहून फोन आला. भाचा फिटर झालाय, बार्जवरच्या कामाचे बोलावणे आले आहे. “दादा, तूच सांग. तू ‘जा’ म्हणालास तर जाईल, ‘नको’ म्हणालास तर घरी बसेल.” हे ओझे कुणी माझ्या डोक्यावर ठेवील असे वाटले नव्हते. ‘नको’ म्हणणे सोपे होते. पण ज्या पैशावर माझी मुले शिकली, तो पैसा तिच्या मुलासाठी वाईट कसा ठरवू? आणि ‘जा’ म्हणावे तर 2021 चे ते चेहरे डोळ्यांपुढून हलत नव्हते.

मी भाच्याला हैदराबादला बोलावले आणि म्हटले, “पगार विचारू नकोस, तो ते आपणहून सांगतील. चार गोष्टी विचार. पाण्यात जीव वाचवायचे प्रशिक्षण कोण देणार? विम्याचा कागद घरच्यांच्या हाती येणार का? वादळाचा इशारा आला तर बार्ज बंदरात न्यायचा निर्णय कोण घेणार, आणि किती दिवस आधी? आणि टग कुठे असणार? बार्जला इंजिन नसतं, बाळा. टग हेच तिचे पाय.”

“मामा, असं विचारलं तर ते दुसरा माणूस घेतील.”

“घेतील. तो दुसराही कुणाचा तरी भाचाच असेल, म्हणून तर विचारायचं.”

पहिल्या ठेकेदाराने तिसऱ्या प्रश्नाला फोन ठेवला. दुसऱ्याने दोन दिवस लावले, पण चारही उत्तरे लेखी दिली. भाचा ऑक्टोबरात गेला. उत्तरे लेखी आहेत म्हणून समुद्र ती वाचतोच असे नाही, हे मला ठाऊक आहे आणि आता त्यालाही. पण विचारून गेलेला माणूस इशाऱ्याच्या दिवशी गप्प बसत नाही, निदान इतरांना उठवतो. एकदा मे महिन्यात आमच्या बार्जवर असेच चौघांनी आवाज उठवला, कप्तानानेही ऐकले आणि वादळाच्या दोन दिवस आधी आम्ही बंदरात होतो. त्या दोन दिवसांचा रोज कापला गेला, एवढेच नुकसान.

बहिणीने चिवड्याचा डबा दिला आहे, फोटोला ओवाळायचे नाही असे मी तिला बजावले आहे. तिला लाटेची उंची कळत नाही, दिशा कळत नाही. पण भाच्याचा फोन लागला की जेवलास का विचारण्याच्या आधी ती विचारते, “टग कुठं आहे रे?”