सावत्र आई कुठून आली?

जर्मन शिकणाऱ्या एका मुलीने डायरीत पहिल्या दिवशी एवढंच खरडलं: बेडकाला चुंबन नाहीच! ग्रिम बंधूंची राजकन्या बेडूक उचलते आणि सरळ भिंतीवर आपटते. तेव्हा कुठे त्याचा राजपुत्र होतो.

मग तिला ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाच्या आवृत्त्या ताडून पाहायचा नाद लागला. १८१२च्या पहिल्या खंडात हान्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडायला लावणारी बाई त्यांची सख्खी आई आहे. १८४०च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हिमगौरीच्या आईचंही तेच, फक्त ते १८१९मध्येच उरकलं. पहिल्या आवृत्तीतली रापुन्झेल भाबडेपणाने विचारते, माझे कपडे घट्ट का होऊ लागलेत? पुढे हा प्रश्नच गाळला गेला. (सोवळेपणा ही काही आपलीच मक्तेदारी नाही.)

गोष्टी खेड्यापाड्यांतून गोळा केल्या, हा समजही टिकला नाही. बऱ्याचशा कासेलच्या सुशिक्षित घरांतल्या तरुणींनी सांगितलेल्या. डोरोथिया फीमान तेवढी वेगळी: शिंप्याची बायको, शहरात भाजी विकायला येणारी. पण तिचं माहेरही फ्रान्समधून आलेल्या ह्युगनॉट निर्वासितांचं!

आज जगभर बहुतेक भाषांतरं होतात ती १८५७च्या सातव्या आवृत्तीवरून.