आज वार कोणता?

वाचकहो, आपल्या घरातील वृद्ध माणूस एकच प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारत असेल, तर अकराव्या वेळी उत्तर देताना आपला स्वर कसा असतो, हे आपण कधी तिऱ्हाईतासारखे ऐकले आहे काय? मी ऐकले, आणि तेही पोरांच्या एका खेळण्यामुळे.

आम्ही उभयता लिंबागणेशला राहतो. माझ्या पत्नीचे वय ७४. दोन वर्षांपूर्वी तिला स्मृतिभ्रंश असल्याचे निदान झाले. त्याआधी डॉक्टरांनी बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉईड, कान, डोळे आणि मनाची उदासी या सर्वांची तपासणी करून घेतली होती. यांतील बिघाडानेही विसर पडू लागतो आणि त्यावर पुष्कळदा उपाय होतो, तेव्हा ही पायरी कोणी गाळू नये. हिच्या बाबतीत मात्र तसे काही निघाले नाही. 'अहो, आज वार कोणता?' हा तिचा प्रश्न. मी पेशाने शिक्षक, चूक दिसली की तांबड्या शाईने खूण करायची हा जन्माचा हात. 'सोमवार नाही, गुरुवार! आत्ताच सांगितलं ना?' असे मी म्हणे आणि ती पदर चाचपत गप्प बसे.

उन्हाळ्याच्या सुटीत नातू आला आणि त्याने जुन्या पेटीतून आपल्या वडिलांचा गेमबॉय शोधून काढला. मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत असताना त्याने तो घेतला होता. आत 'पोकेमॉन क्रिस्टल' नावाचा खेळ होता. नातवाने मला त्याची कुळकथा सांगितली. १९९९ साली जपानमध्ये 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' असे दोन जोडखेळ निघाले. त्यांचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती म्हणजे २००० सालच्या डिसेंबरात आलेला 'क्रिस्टल'. रानावनात हिंडायचे, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचे. असे २५१ प्राणी. मूळ कल्पना सातोशी ताजिरी यांची, लहानपणी किडे गोळा करणाऱ्या या माणसाने त्या छंदाचाच खेळ केला. जुन्या जोडखेळांत चित्रे स्थिर होती, क्रिस्टलमध्ये प्राणी समोर येताच अंग हलवतो. आणि खेळणाऱ्याला मुलगी होण्याची मुभाही प्रथम यातच मिळाली.

खेळ सुरू झाला, पण मुलाने पूर्वी खेळलेले सारे पुसून गेले होते. या खेळाची आठवण आणि त्यातले घड्याळ नाण्याएवढ्या एका सेलवर जगतात. सेल संपला की आठवण जाते, घड्याळही जाते. नातू हे उत्साहाने सांगत होता. मी ओसरीवर बसलेल्या हिच्याकडे पाहिले आणि दुसरीकडे मान वळवली.

बीडला एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानात नवा सेल सोल्डर करून घेतला. (जुना लगेच कागदात गुंडाळून दूर ठेवला. असे सेल लहान मुले तोंडात घालतात आणि भ्रम झालेली वडीलधारी माणसे गोळी समजून गिळू शकतात. तसे झाल्यास वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे, गिळलेला सेल अन्ननलिका काही तासांत जाळू शकतो.)

या गेमबॉयच्या पडद्याला आतून उजेड नसतो, म्हणून आजी-नातू ओसरीच्या उन्हात बसले. 'आजी, तू मुलगा की मुलगी?' 'मुलगीच की रे!' डोक्यावर पान असलेला हिरवट, चार पायांचा प्राणी तिने निवडला आणि त्याला नाव दिले चंद्री. ते तिच्या माहेरच्या शेळीचे नाव. ५० वर्षांच्या संसारात मी ते कधी ऐकले नव्हते.

प्राणी निवडण्याच्याही आधी खेळातली आई विचारते, आज वार कोणता? नातवाने आजीला विचारले. 'सोमवार,' ती म्हणाली. त्या दिवशी गुरुवार होता. मी तोंड उघडले, तोवर पोराने सोमवार दाबूनही टाकले होते. खेळातली आई पुढे बोलू लागली. कोणी रागावले नाही, काही अडले नाही. माझे उघडे तोंड मला कसेसेच वाटले.

वाचकहो, खेळाने रोग बरा होतो असे मी म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी तिला खेळ आठवला नाही, चंद्री तेवढी आठवली. औषधाच्या वेळा, दवाखान्याची तारीख, गॅसची शेगडी यांबाबत मी आजही ढिलाई करत नाही. वाराचे मात्र सोडून दिले. तिने वार विचारला की आता मी सांगतो, आणि पुन्हा विचारला की पुन्हा सांगतो. दर वेळी जमतेच असे नाही.

संध्याकाळी सहा वाजता खेळात रात्र होते. दिवेलागणीची वेळ आमच्या घरी सर्वांत कठीण. तेव्हाच तिला माहेरी जायचे असते, चप्पल शोधत ती अंगणात येते. सुटीभर त्या वेळी नातू तिला दिव्याजवळ बसवून रात्रीच निघणारी घुबडे दाखवी. महिनाभरात त्याने बहुतेक खेळ पार केला आणि जाताना माझ्या हाती देऊन बजावले, 'आजोबा, चंद्राच्या डोंगरावर सोमवारी रात्रीच जा. आजीच्या सोमवारी हं, आपल्या नाही.'

आमचे गाव भालचंद्र गणेशाचे. शापित चंद्राने इथे तप केले आणि गणेशाने त्याला कपाळी धारण केले, अशी श्रद्धा आहे. आमच्या गुरुवारी, तिच्या सोमवारी, रात्री साडेसातला मी चष्मा पुसून अडखळत त्या डोंगरावर पोहोचलो. लहानगे गुबगुबीत प्राणी तिथे जमून नाचत होते. ती चप्पल हातात घेऊन उभी होती. वाकून पाहू लागली, मग माझ्या शेजारी टेकली. 'कोणाची लेकरं हो ही?'

मी म्हणालो, 'ओळख बरं.' ते चुकलेच, परीक्षा घेण्याची खोड. पण तिचे माझ्याकडे लक्ष नव्हते. चप्पल मांडीवर ठेवून ती नाच पाहत होती.